उन्हावरचा भात

"आजी, इथं काय आहे गं? नुसतं ऊनच!" पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या नातीनं तिसऱ्याच दिवशी सोलापूरचा निकाल लावला. आहे चौथीत, पण तोरा बघा. रविवारी तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा, कामासाठी इकडं येणार होता. त्याच्याच गाडीतून परत जायचं तिनं ठरवूनही टाकलं. मी बाई कधीची तिच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. कुरडया करून ठेवल्या होत्या, आजोबांना टीव्हीचा रिमोट सोडायला लावला होता. आणि ही आठवडाभरात निघाली!

मला रागच आला. राग आला की माझ्यातली शाळेतली बाई जागी होते. आयुष्यभर विज्ञान शिकवलंय मी, गंमत नाही. म्हटलं, "ऊन आहे ना? मग उन्हावर भात शिजवून दाखवते. गॅस नाही, चूल नाही. शिजला तर राहशील?"

"पूर्ण सुट्टी राहीन. पण नाही शिजला तर रविवारी जाणार."

"न शिजायला काय झालं? हे सोलापूर आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कामाला लागलो. मिक्सरचं रिकामं खोकं घेतलं. आतून पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल चिकटवली, बाहेरून जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळला. चादरींना आमच्याकडं तोटा नाही. स्टीलच्या डब्याला बाहेरून काळा रंग दिला. झाकायला काच हवी होती, ती आजोबांच्या निवृत्तीच्या फोटोची काढली.

"अगं, माझा फोटो!" ते ओरडले.

"अहो, फोटो आहे की जागेवर. काचच तेवढी घेतलीय."

कापणं, चिकटवणं, रंगवणं सगळं नात करत होती. मी फक्त बोलत होते. काळा रंग ऊन शोषतो, काच आतली ऊब धरून ठेवते, ऊन जितकं थेट तितकं चांगलं. शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होते, कारण ते तिथं ऐकू जावं अशीच माझी इच्छा होती. शेजारणीला तर मी जेवायलाच बोलावून टाकलं. डब्यात तांदूळ आणि पाणी घालून खोकं गच्चीच्या मधोमध मांडलं आणि मी ऐटीत खाली आले.

मधे एकदा वाळलेले कपडे काढायला वर गेले. तळपायाला असे चटके बसले म्हणून सांगू! हाताला लागलं ते गोळा केलं आणि पळत खाली आले.

दुपारी शेजारीण शेंगाचटणीची वाटी घेऊन आली. आजोबा डोक्याला टॉवेल गुंडाळून आले. आम्ही सगळे वरात काढल्यासारखे गच्चीवर गेलो. बघतो तर गच्चीच्या मधोमध काहीच नाही. खोकं पाण्याच्या टाकीखाली, गार सावलीत, दोन कुंड्या आणि बादलीच्या शेजारी ऐसपैस बसलेलं. डबा उघडला. कोमट पाणी आणि तळाशी तांदूळ, घातले तसेच.

माझं टाळकंच सटकलं. "कुणी मेल्यानं हलवलं हे?" आधी आजोबांवर घसरले, "काचेचा सूड उगवलात ना?" ते बिचारे आत्ता कुठं झोपेतून उठले होते. मग शेजारणीकडं वळले. ती म्हणाली, "बाई, मी कशाला हात लावू तुमच्या खोक्याला? मी आत्ताच आले की वर."

"आजी," नात म्हणाली, "तूच ठेवलंस."

"मी?"

"मी जिन्यात बसून खोक्याकडं बघत होते. तू कपडे काढलेस, मग कुंड्या ओढल्यास, बादली ओढलीस, आणि म्हणालीस, 'अगं बाई, करपून जाईल की सगळं!' आणि खोकं पण नेलंस."

आम्हा सोलापूरकरांचा अख्खा उन्हाळा वस्तू सावलीत ओढण्यातच जातो. स्कूटर, कुंड्या, बादल्या, पोरं. उन्हात काही दिसलं की हात आपोआप पुढं होतो. मी काय ओढतेय हे बघितलंसुद्धा नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस गं?"

"मला वाटलं, तो प्रयोगातलाच भाग आहे. तू टीचर होतीस ना!"

शेजारीण हसून हसून जिन्याच्या पायरीवर बसली. आजोबांना तर कित्येक महिन्यांचं हसू एकदम आलं. नातही पोट धरून हसत होती. हसत नव्हते ती मी एकटी. पैज हरले होते आणि रविवार परवावर आला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. नातीनंच घेतला. मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते, कान मात्र बाहेर.

"नाही रे बाबा, कच्चाच राहिला," ती म्हणाली. "आणि ऐक ना, रविवारी तू एकटाच जा. मी नाही येत. अरे, मी गेले तर आजी परत खोकं सावलीत नेऊन ठेवेल. कुणीतरी लक्ष ठेवायला नको का तिच्यावर?"

मला इतका आनंद झाला की मी शिटी व्हायच्या आतच गॅस बंद करून टाकला. रात्री पानात तोही भात कच्चाच पडला.