कपाटातली पेन्सिलीची रेघ

फूटपट्टी तुमच्या घरी आला तर चहाचं नंतर बघा, आधी कपाट उघडून दाखवा. कपड्यांच्या घड्यांखाली काय अंथरलंय ते पाहिल्याशिवाय तो बूड टेकत नाही. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय, असं आळीत सगळे हसून म्हणतात. हसू देत.

हा खाणीच्या ऑफिसातला जुना नकाशेवाला. काकडीच्या चकत्यासुद्धा मापून पाडणारा, म्हणून फूटपट्टी. तेव्हाची पद्धत अशी की, दर महिन्याला खाली उतरून मापं घ्यायची, नवा खणलेला बोगदा पेन्सिलीने नकाशावर चढवायचा आणि वर्षअखेरीस त्यावर शाई फिरवायची. ऑफिसच्या प्रती निघायच्या त्या फक्त शाईवरून. जुनी खाण नेमकी शाईच्या आधी बंद पडली. पंप थांबले, बोगदे पाण्याने भरले. आवराआवरीत त्याने मूळ कागद आठवण म्हणून घरी आणला. चांगला जाड, मागे कापड लावलेला. बायकोने तो चादरींच्या कप्प्यात अंथरला. संपली आठवण.

गेल्या वर्षी एका रविवारी जावई जेवायला आला. तो शेजारच्या नव्या खाणीत कामाला. जेवता जेवता म्हणाला, "खाणीच्या भिंतीला आठवडाभर घाम फुटतोय, बाबा. मला तुमच्या मुलीपुढे फुटतो तसा."

सगळे हसले. फूटपट्टीचा घास हातातच राहिला. जुन्या खाणीपासून किती लांब आहात, असं त्याने विचारलं. पन्नास मीटर, ऑफिसच्या नकाशात तसंच आहे, जावई म्हणाला.

फूटपट्टी उष्ट्या हाताने उठला. चादरी जमिनीवर आल्या, बायको बोलत राहिली. कागदाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. शाई जिथे संपत होती तिथून पुढे पुसट पेन्सिल नव्या खाणीच्या दिशेने गेली होती. त्याने मापली. अडतीस मीटर.

म्हणजे मध्ये उरले बारा. आणि जावयाची पाळी दोन वाजता सुरू होणार होती.

दोघे तसेच खाणीवर गेले. मॅनेजर कागद उलटसुलट करून म्हणाला, की असल्या रेघोट्या कुणीही मारेल, सही आहे का यावर?

"रेघ माझी आहे," फूटपट्टी म्हणाला. "शाई राहिली, ती चूकही माझीच. आता माणसं खाली पाठवलीत, तर ती चूक तुमची."

मॅनेजरने पाळी थांबवली आणि पुढच्या भिंतीत लांब, बारीक भोक पाडून बघायला लावलं. साडेअकरा मीटरवर काळं, कुजक्या वासाचं पाणी असं सुटलं की भोक बुजवायला पाच जण लागले. संध्याकाळी जावई सासरी आला आणि जमिनीवर पडलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसला.

तेव्हापासून फूटपट्टीची ही घरोघर वारी. ऑफिसात त्याच्यासारखे आणखी तिघे होते, प्रत्येकाकडे पुढे बंद पडलेल्या एकेका खाणीचा नकाशा, आणि प्रत्येकाने आठवण नेलेली. एक कागद ट्रंकेच्या तळाशी सापडला, दुसरा लग्नाच्या फोटोमागे. तिसऱ्याच्या बायकोने नवरा गेल्यावर कपाट विकलं, आतल्या कागदासकट. कुणाला, ते तिला आठवत नाही.

नवी खाण आता त्याच हरवलेल्या कागदातल्या खाणीच्या बाजूला वळलीय. तिथली भिंत अजून कोरडी आहे, असं जावई परवाच सांगत होता.