चपला घालून घेतलेलं माप

आनंदराव खाली बसले तेव्हा मी हसत होतो. आज इतके आठवडे उलटून गेल्यावरही आधी आठवतं ते हेच. गोल्फच्या मैदानात सातव्या होलच्या ग्रीनवर हातभर अंतरावरून त्यांचा बॉल भोकाच्या कडेनं निसटला आणि ते मटकन खाली बसले. सोपा फटका हुकला की हिरवळीवर बसकण मारायची, कपाळ बडवायचं आणि त्या भोकालाच दोन शिव्या हासडायच्या, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. म्हणून मी म्हटलं, "उठा आनंदराव, नाटक पुरे. मागची मंडळी खोळंबलीत." शिवी आली नाही. ते हळूच एका कुशीवर कलंडले, आणि तरीही क्षणभर मला वाटलं की आज गड्यानं सोंग जरा जास्तच रंगवलंय... मग मी धावलो. आम्ही चौघांनी त्यांना उचललं, अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर घातलं. मनगट माझ्या हातात होतं. मी दातांचा डॉक्टर. पण नाडी मलाही कळते. दवाखान्याचं फाटक यायच्या आधीच ती माझ्या बोटांखालून गेली होती.

छपन्न वर्षांचा, तालमीत घडलेला, ओतीव लोखंडासारखा माणूस. सकाळी सातला माझ्या दारात उभा राहून "डॉक्टर, दात नंतर उपटा, चला" म्हणून ओरडतो आणि दहाला त्याला चादरीत गुंडाळून घरी आणावं लागतं, याला काय म्हणायचं? मला दुःख नंतर झालं. आधी नुसता धक्का होता, आणि राग. कुणीतरी आपल्याला फसवलंय असा राग. घरी माणसं जमली, रडारड झाली. वहिनी मात्र पायाशी बसून एकटक पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "भावजी, ह्यांच्या चपला कुठं हायत?"

चपला सातव्या ग्रीनच्या कडेला होत्या. तिथं का होत्या, हे सांगायला मला जरा मागं जावं लागेल.

आनंदरावांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग ओतायचा कारखाना होता. मूळचे जयसिंगपूरकडच्या खेड्यातले, पाच भावांतले शेवटचे. माझ्याकडे ते आले दाढ दुखते म्हणून, आणि खुर्चीत आ वासून बसल्या बसल्या त्यांना भिंतीवर माझा गोल्फचा फोटो दिसला. तोंडातला कापूस काढल्यावर पहिला प्रश्न, "ह्यो कसला ख्योळ म्हणायचा? एवढ्याशा बॉलला एवढी मोठी काठी?" पुढच्या रविवारी ते गावाबाहेरच्या आमच्या मैदानावर हजर. साठच्या दशकातली गोष्ट. मैदानावर तेव्हा निवृत्त अधिकारी, दोन-चार वकील, जुन्या घराण्यातली माणसं. कारखानदार असा हा एकच, आणि आवाजानं दहांना भारी. पण महिनाभरात सगळ्यांनाच ते नसले की चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्या काळी परदेशी माल मिळायचा नाही. गोल्फच्या काठीला आम्ही स्टिक म्हणतो. तर या स्टिक आमच्याकडे होत्या त्या सगळ्या कुणाच्या तरी उष्ट्या. आनंदरावांच्या वाट्याला जो सेट आला तो संस्थानी अमलात इथं असलेल्या कुणा इंग्रज साहेबाचा. तो साहेब सहा फुटांच्या पुढचा असणार. त्याच्या मागं सेट तीन-चार हातांतून फिरला आणि सव्वापाच फुटी आनंदरावांकडे आला. मुठीच्या वर वीतभर दांडा उरायचा आणि फटका मारताना तो पोटात टोचायचा. सातव्या होलला आडवा ओढा आहे. तो एका फटक्यात पार करायचा ही त्यांची जिद्द, आणि बॉल दर रविवारी ओढ्यात. ते म्हणायचे, दोष स्टिकचा. मी म्हणायचो, दोष हाताचा. आपण आठवड्यातून एकदा खेळणारी हौशी माणसं, आपल्याला मापाच्या स्टिक हव्यात कशाला? कमरेत लवचिकपणा नाही, नजर ठरत नाही, आणि म्हणे स्टिक लांब! या वादावर आम्ही किती चहा संपवला ते तो कँटीनवालाच जाणे. एकदा मात्र त्यांनी माझ्याच धंद्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, तुम्ही कवळ्या करताय. म्हाताऱ्याला दुसऱ्याची कवळी बसवून, आता चावायची प्रॅक्टिस करा, असं सांगताय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतताना गाडीत ते एकदम हळू आवाजात बोलले, आणि हळू आवाज म्हणजे त्यांच्या बाबतीत नवलच. म्हणाले, "थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा मला. शाळंत पाटी बी दुसऱ्याची. लग्नात फेटा चुलत्याचा हुता, कानावर यायचा. आता कारखाना माझा हाय, तर एक तरी वस्तू माझ्या अंगाची असू दे की..." मला वाटतं, हा प्रश्न त्यांच्यासाठी खेळाचा नव्हताच, आणि हे मला तेव्हाच उमगलं असतं तर मी निम्मा वाद घातला नसता.

शेवटी त्यांनी स्वतःच सेट बनवायचं ठरवलं. पुण्याहून मोडक्या स्टिकचे पोलादी दांडे आणले, खालची डोकी आपल्याच कारखान्यात ओतली. मापाला मला बोलावलं. म्हणाले, मापात तुमचा हात बसलेला हाय. एका संध्याकाळी कारखान्याच्या दारात ते फटका मारायच्या पवित्र्यात उभे राहिले आणि मी गुडघे टेकून मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरली. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. महिन्याभरात सेट तयार झाला, मुठीला चपलेचं कातडं, डोक्यावर तासून उजळलेली चकाकी. सगळा क्लब बघायला जमला. आनंदराव नवे कॅनव्हासचे बूट घालून उभे राहिले, स्टिक उचलली, आणि बॉलच्या चार बोटं अलीकडे असा दणका बसला की मातीचं ढेकूळ बॉलच्या पुढं गेलं!

पुढचे कित्येक रविवार हेच. स्टिक आधी जमिनीला लागायची, मग बॉलला. मी काय सोडतोय! "आनंदराव, पेरणी कधी?" असं दर खेपेला विचारायचो. ते दात ओठ खात नांगरत राहिले. मग पावसाळ्याच्या शेवटी, बूट ओले होते म्हणून, ते कारखान्यातून तसेच आले, पायात नेहमीच्या चपला. आपल्याकडच्या त्या जाड, थरावर थर शिवलेल्या, चालताना करकर वाजणाऱ्या. सातव्या होलला उभे राहिले आणि बॉल ओढ्यावरून असा गेला, की पलीकडे गवत कापणारा दस्तगीर माळी खाली वाकला. आम्ही सगळे बॉल गेला तिकडं बघत होतो. आनंदराव बॉलकडं बघतच नव्हते. ते आपल्या पायांकडं बघत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माप घेतलं तवा माझ्या पायांत काय हुतं?"

चपलाच होत्या. मी त्यांच्या पायाशी गुडघे टेकून तीनदा मोजलं होतं, नाक चपलेपासून वीतभर अंतरावर, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. कोल्हापुरात चपला म्हणजे पायच. त्या काढून माप घ्यायचं कुणाला सुचणार? कॅनव्हासच्या बुटांचा तळ पातळ, त्यांत उंची बोटभर कमी भरायची आणि स्टिक तेवढी लांब पडायची. आता उपाय सोपा होता. दांडे बोटभर कापायचे, झालं. मी तसं म्हटलं तर ते उखडले. "स्टिक बरोबर हाईत. बुटं चुकल्यात. मी चपलंत हुबा ऱ्हातो तसा बुटात ऱ्हात न्हाय. माझं माप ह्येच."

क्लबच्या समितीपुढं विषय गेला. चपला घालून गोल्फ! एक निवृत्त कर्नल होते, त्यांना हे ऐकूनच ठसका लागला. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिच्यावर या नाल मारलेल्या चपला गेल्या तर उरेल काय, हा खरा आक्षेप होता. आनंदराव उठले. "ग्रीनवर चपला काढून जातो की. देवळात जातो तसा." कर्नलच आधी हसले. तेव्हापासून प्रत्येक ग्रीनच्या कडेला आनंदराव चपला काढायचे, जोडीनं, तोंडं बाहेर करून, परतताना पाय थेट आत जावा म्हणून. अनवाणी आत जायचे. ग्रीनवर बॉल हळू ढकलायची स्टिक म्हणजे पटर, तो त्यांनी खास अनवाणी मापाचा बनवला, आणि त्या वेळी टेप धरताना मी आधी पायांकडं बघितलं. लांबून ग्रीनच्या कडेला चपला दिसल्या की समजायचं, आनंदराव आत आहेत. आम्ही सगळे त्यांना वळसा घालून आत जायचो. एकदा कर्नलांची स्टिक चुकून चपलेला लागली तर ते "सॉरी" म्हणाले... चपलेला!

आता लोक मला विचारतात, अहो, शेवटी फायदा झाला का त्या मापाच्या स्टिकचा? वाद अर्धवट राहिला म्हणून विचारतात. खरं सांगायचं तर आकड्यात फारसा नाही. हौशी खेळाडूची पत हँडिकॅपनं मोजतात, जितका कमी तितका चांगला; तो एखाद्या आकड्यानं उतरला असेल, आणि तेवढा तर सरावानंही उतरतो. ओढा चारांतून एकदा पार व्हायचा. तीन वेळा बॉल पाण्यातच. म्हणजे माझंच म्हणणं खरं होतं. पण साहेबाचा सेट हातात असताना हा माणूस अंग चोरून, पोट आत ओढून उभा राहायचा, जणू कुणाच्या घरी न विचारता शिरलाय. नव्या सेटनं बॉल ओढ्यात घातला तरी तो ताठ उभा असायचा, आणि शिव्या द्यायचा त्याही मोकळ्या गळ्यानं. हा फायदा कुठल्या कार्डावर लिहायचा ते मला माहीत नाही. त्यांना हे एकदा सांगणार होतो. घाई काय आहे, रविवार कुठं पळून चाललेत, असं वाटायचं.

तर त्या चपला. माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. मनात धाकधूक, कुणी उचलल्या असतील, कुत्र्यानं नेल्या असतील. त्या तिथंच होत्या. जोडीनं, तोंडं बाहेर करून. आणि भोवतीचं गवत नुकतंच कापलेलं. दस्तगीर लांब उभा होता, जवळ आला. म्हणाला, "मला हात लावायला हुईना, डॉक्टरसाब. मशीन भवतीनं फिरवली." तोवर मी रडलो नव्हतो. तिथं उकिडवा बसून रडलो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी सेट माझ्यापुढं ठेवला. "कुणी तरी खेळू दे भावजी, गंज चढंल." मी क्लबवर नेला. नव्या दोन-तीन सभासदांकडे स्टिक नव्हत्या. त्यांनी एकेक घेऊन बघितली. एकाला आखूड, दुसऱ्याच्या हातात स्टिकचं डोकं जमिनीवर तिरकं बसायचं. कर्नलांनी मारून बघितलं. शेवटी मी बघितलं, सातव्या होलला, कंबर वाकवून वाकवून... बॉल ओढ्यात गेला. "दोष हाताचा!" असं मागून कुणीतरी ओरडणार म्हणून मी खरोखरच थांबलो होतो. साहेबाचा तो सेट कुणाच्याच मापाचा नव्हता, म्हणून चार माणसांच्या हातून फिरला; आजही कुणीतरी तो वापरतंय. हा एका माणसाच्या अंगाचा होता. मी तो परत नेऊन दिला, म्हटलं, वहिनी, कुणालाच मापाला येत नाही हो. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी पिशवीवर हात फिरवला, चपलांशेजारी कोपऱ्यात ती उभी केली आणि म्हणाल्या, "कुणाला येत न्हाय न्हवं? मग त्यांचंच हाय ते."

गेल्या आठवड्यात दस्तगीरनं विचारलं, सातव्या ग्रीनच्या कडेला चपला होत्या तेवढं गवत वाढलंय, कापू का? दोन पावलं मावतील एवढाच तो तुकडा. मी म्हटलं, काप. मैदान आहे, ठेवून काय करणार? त्यानं कापलं. रविवारी गेलो तर सगळं सारखं, कुठं काय होतं ते ओळखू येऊ नये इतकं. मी ग्रीनकडे निघालो आणि कडेशी आल्यावर माझा पाय आपोआप बाजूला पडला. वळसा घालून मी आत गेलो. मागून कर्नल येत होते. मी वळून पाहिलं. त्यांनीही वळसा घातला.