शिवणाच्या बाईंची वाटी

मास्तरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. खर्ड्याच्या शाळेतले माझे निम्मे किस्से तर एकाच प्रश्नाचे. नववीला धडा होता, गावाशी बोलणं टाकून दार लावून एकटी राहणाऱ्या एका मानी बाईचा. प्रश्न ठरलेला: ‘या बाईचे स्वभावचित्र रेखाटा.’

*

एकाने लिहिलं, ‘ही बाई गर्विष्ठ आहे. आमच्या शिवणाच्या बाईंसारखी.’ मागच्या सहा जणांनी तेच उतरवलं. सातव्याने कॉपी लपवायला धड्यातल्या बाईला चष्मा घातला!

*

स्टाफरूममध्ये ते वाचून आम्ही हसत होतो आणि मागे शिवणाच्या बाई उभ्या. त्या आमच्यात कधी चहा घेत नसत, डबाही खिडकीकडे तोंड करून खात. त्यांनी पेपर शांतपणे वाचला. “सर, ह्याला मार्क द्या. धडा समजलाय त्याला.” आठवडाभर मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही.

*

बाई आमच्या शेजारीच राहायच्या, एकट्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत सगळेच पाळतात. बाईंचं पाळणं मात्र कडक. आमच्या हिने वाटीभर कालवण दिलं, की सकाळी वाटी शेंगदाण्यांनी भरून परत. बाहत्तरच्या दुष्काळात शेंगदाण्यांच्या जागी चिंचा आल्या. मग एकदा नुसती चार बटणं. मी शर्ट बघितला, बरोबर चारच तुटलेली होती!

*

वर्गात मी उत्तर लिहून दिलं: एकलकोंडी, हट्टी, गर्विष्ठ. एक मुलगी उठली. तिचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. “सर, गर्विष्ठ असनं वाईट असतंय का?” उद्या सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

*

त्याच आठवड्यात ही म्हणाली, “बाईंच्या घरातनं दोन दिस धूर न्हाई निघाला. चूलच पेटली न्हाई त्यांची.”

नुसतं दिलं असतं तर बाईंनी घेतलं नसतं. म्हणून जास्त झालंय, वाया जाईल, असं सांगून हिने भाकरी आणि वाटीभर पिठलं नेऊन दिलं. बाईंनी घेतलं. रात्रभर मला एकच घोर, आता त्या वाटीत काय घालतील? परत नाही केली तर बरं, असं वाटत होतं.

सकाळी दार उघडलं. बाई दोन्ही हातांत वाटी धरून, एकेक पाऊल जपून टाकत येत होत्या. वाटी पाण्याने काठोकाठ भरलेली.

गावात शेवटचा टँकर येऊन पाच दिवस झाले होते.