बसाप्पाअण्णांचं कुटुंब

बसाप्पाअण्णा बायकोला 'कुटुंब' म्हणत. "कुटुंब म्हायेरला गेलंय" म्हणजे वहिनी जयसिंगपूरला गेल्या आहेत आणि "कुटुंबाचं डोकं दुखतंय" म्हणजे त्यांच्या भांड्यांच्या दुकानात आज चहा येणार नाही. नव्वदच्या दशकात मी विमा कंपनीत नव्यानं लागले आणि शेजारधर्म म्हणून त्यांना म्हटलं, "अण्णा, कुटुंबाचा आरोग्यविमा काढून ठेवा." तेव्हा ते भांड्यांच्या चळतीमागून ओरडले, "एकट्या कुटुंबाचा? आणि आमी काय आजारी पडायचं न्हाई व्हय?"

गल्लीत हशा पिकला. अण्णांची कुजबुजसुद्धा गल्लीला ऐकू जाई, मग हे तर ओरडणंच होतं.

माणूस मात्र पक्का. कळशी विकताना आधी स्वतः पाणी भरून, फिरवून बघणार, मगच गिऱ्हाइकाच्या हातात देणार. "गळकं भांडं ग्येलं की मागनं अब्रू जाती," हे रोज एकदा तरी ऐकवायचे. विमाही त्यांनी तसाच पारखला. आधीपासूनच्या दुखण्याचं काय, दवाखान्यात किती वेळ राहिलं तर पैसे मिळतात, खोलीचं भाडं सगळं देता की हात आखडता घेता, सगळं खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, झालं काम. मग म्हणाले, "आणि अक्का?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परतलेली. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या बसाप्पाला तिनंच वाढवलं. अण्णा, वहिनी, दोन मुलगे आणि अक्का, असं पाच जणांचं ते घर.

त्या वेळी प्रत्येकाचा वेगळा विमा निघे. अक्कांचाही सहज निघाला असता. पण अण्णांना ते पटेना. "एका चुलीवर जेवतोय, आणि पाच जणांचे पाच कागद? वाटण्या झाल्यात काय आमच्या? सगळ्यांचा मिळून एक निघंल तवा ये."

तसा विमा निघायला बरीच वर्षं गेली. निघाल्यावर मी घाईनं दुकान गाठलं. रक्कम एकच, घरातल्या ज्याला लागेल त्यानं वापरायची. अण्णांना हवं होतं ते हेच. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "कुटुंब म्हंजे नवरा, बायको आणि दोन पोरं." चष्मा काढला. "अक्का कुठं हाय ह्यात?"

"बहीण ह्यात बसत नाही, अण्णा. तुम्ही चौघं ह्यात या, अक्कांचा वेगळा काढू. आत्ता काढला तर निघेल. वय उलटल्यावर कुणी देणार नाही."

"येगळा? ती काय भाडेकरू हाय?"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. जाता-येता सांगत राहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. वर ताकीद, "ह्यातलं अक्काच्या कानावर घालायचं न्हाई. जिवाला लावून घील ती."

एका दुपारी अण्णा आपणहून ऑफिसात आले. "जादा पैसे भरले की आईला घेता न्हवं? मग लिही. नवरा, बायको, दोन पोरं आणि आई." आईच्या जागी त्यांना अक्कांचं नाव हवं होतं.

मी हात जोडले. "अण्णा, खोटं नातं लिहिलं तर गरजेच्या वेळी तुम्हा सगळ्यांचेच पैसे अडतील."

"खोटं?" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. "मला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, ते खोटं? तुमचा कागुद माझं घर चौघांचं म्हंतोय, त्यो खरा, आणि मी खोटा?"

त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तेवढ्या काळात अक्कांचं विमा मिळण्याचं वय उलटलं. राग गिळून मी पुन्हा गेले, म्हटलं, आता निदान चौघांचा तरी काढा. "म्हंजे आता तिला टाकूनच देऊ म्हंतीस?" एवढं बोलून त्यांनी गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. ह्या माणसाचा मला इतका राग यायचा, आणि त्याला वाईट म्हणायची सोयही नव्हती.

मग अण्णांच्याच छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करा, थांबू नका. अण्णांनी खर्च विचारला आणि घरी आले. "दुकान मोडून मी जगनार न्हाई. दिवाळीचा धंदा हूं दे, मग बगू." दसऱ्याआधीच गेले.

मला रडू आलं, पण त्याहून संताप जास्त आला. तेव्हा तो विमा घेतला असता, तर हा माणूस ऑपरेशनला नाही म्हणाला नसता. त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि ऐकायला ते नव्हते.

भेटायला गेले तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं. "तू इमा हापिसात. शेजारी ऱ्हातीस. एवढा हुशार माझा बसू, त्यानं इमा का काढला न्हाई गं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"राहून गेलं, अक्का," मी म्हटलं.

"ऱ्हाऊन ग्येलं?" अक्कांनी कपाळावर हात मारला. "ल्हानपणापास्नं असाच. आळशी मेला. मी मागं लागल्याबिगर एक काम केलं न्हाई त्यानं."

पहाटे उठून दुकान झाडणाऱ्या माणसाला त्या आळशी म्हणाल्या, आणि मी हो म्हणाले.