इरप्पाच्या खुंट्या

इरप्पाला काही विचारलं, की उत्तर देण्याऐवजी तो चालू लागायचा. आपण त्याच्यामागे जायचं. मग बागेच्या कुठल्यातरी कोपऱ्यात थांबून तो पायाखालची जागा दाखवायचा आणि म्हणायचा, "हितं उबारून बगा की. तितं बसून काय कळतंय?" पहिल्या भेटीत मी त्याला विचारलं होतं, बागेला पाणी कुठून येतं. त्यानं मला एप्रिलच्या उन्हात आधी विहिरीवर नेलं, तिथून टाकीकडे आणि टाकीवरून थेट गुलाबाच्या वाफ्यांपर्यंत. "आलं का ध्यानात?" मी म्हणालो, आलं. "मग आता तुमी सांगा मला." मला नीट सांगता येईना, तेव्हा तो शांतपणे वळला आणि पुन्हा विहिरीकडे निघाला.

सोलापुरातल्या त्या बागेचा तो मुकादम माळी. उंच, वाळलेला, टोपीखाली कायम एक ओला फडका. घरी कानडी बोलायचा, बागेत मराठी. अक्षर वाचता येत नसे, सही म्हणून अंगठा. मी चोवीस वर्षांचा, नकाशे काढणारा, आणि कच्च्या नोकरीतला. दर सहा महिन्यांनी माझा हुकूम नव्यानं निघायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या महापालिकेच्या कचेरीनं बागेची पंचवीस वर्षांची योजना करायची ठरवली. झाडं कुठं, रस्ते कुठं, फाटकं किती, सगळं आधी कागदावर. बागेच्या दारावर कागद चिकटवला : नागरिकांनी आपल्या सूचना तीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात. इरप्पानं तो माझ्याकडून वाचून घेतला.

"लेखी म्हंजे लिहून?"

"हो."

"आन् हितं येतंय कोन, ठाव हाय न्हवं?"

येणारे मला ठाऊक होते. पूर्वेच्या कुंपणाला एक खिंडार होतं. त्यातून रोज सकाळी विडी वळणाऱ्या बायका आत शिरायच्या, कडुलिंबाखाली घटकाभर बसून आदल्या दिवशीच्या विड्यांच्या जुड्या सारख्या करायच्या आणि बागेतून आडव्या जाऊन पश्चिमेकडच्या विडी कारखान्यात माल द्यायच्या. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या घरच्या. लिहिता येणारी त्यांच्यात एकही नव्हती. दुष्काळात बागेचं पाणी तोडलं होतं तेव्हा इरप्पानं प्रत्येकीकडून घरचं भांडी विसळलेलं पाणी तांब्याभर मागून घेतलं होतं. ते कडुलिंब त्यावर जगले होते.

दुसऱ्या दिवशी तो बाभळीच्या खुंट्यांचा भारा घेऊन आला. बाईला वाट जिथून हवी, तिथं तिनं खुंटी रोवायची. सावली हवी तिथं कडुलिंबाची काडी, बसायला हवं तिथं वीट. मात्र ज्याची त्यानंच रोवायची. "मी न्हाय रोवनार. उद्या म्हनशिला, इरप्पानं आपल्या मनानं केलं."

नरसम्मा म्हणून एक ठसठशीत बाई होती, बाकीच्या तिचं ऐकायच्या. तिनं तिथल्या तिथं काडी खोचली. इरप्पा म्हणाला, "आता सकाळ हाय, नरसम्मा. बारा वाजता येऊन बग सावली कुटं जाती."

"बारा वाजता मी विड्या वळू का तुझी सावली बघू?"

"माजी न्हाय, तुज्या नातीची. ती बसनार हितं."

ती शिव्या घालत बारा वाजता आली आणि काडी चार पावलं सरकवून गेली. एक निवृत्त मास्तर रोज पेपर वाचायला यायचे. त्यांनी आपली वीट बायकांपासून लांब ठेवली, बडबडीनं वाचता येत नाही म्हणून. "आजून लांब पायजे का?" इरप्पानं विचारलं. "हिरीत एक जागा मोकळी हाय." मास्तरांनी वीट उचलून परत कडुलिंबापाशी आणली.

तीन आठवड्यांत बाग खुंट्यांनी भरली. पूर्वेच्या खिंडारापासून कारखान्याच्या बाजूपर्यंत त्यांची एक सरळ रांगच झाली होती. खिंडाराच्या जागी पक्कं दार आणि तिथून वाट हवी, हे सांगायला वेगळ्या शब्दांची गरज नव्हती. मी टेप घेऊन गेलो. इरप्पानं दुसरं टोक धरलं. एकेक खुंटी मोजून मी कागदावर घेतली. कुणाची कुठली हे त्याला पाठ होतं, आणि त्यानं आग्रहानं प्रत्येकीचं नाव लिहायला लावलं. चार दिवस लागले. इतकं नीटस काम मी नंतरही फार थोडं केलं.

मग मोठे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. गवत कापायचं होतं.

"समदं कागदावर आलं का, सायेब?"

"आलं."

"येक बी न्हाय ऱ्हायली?"

"एकही नाही."

त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या खुंट्या उपटल्या, भारा बांधला आणि नरसम्माला दिला. "चुलीत घाल. आता कागदावर हाय."

आमच्या साहेबांनी योजना आधीच मनात करून ठेवलेली होती. मधोमध कारंजं, चारी बाजूंनी भिंत, एकच मोठं फाटक पश्चिमेला, गाड्या थांबतील तिथं. मी माझा कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. गुंडाळी माझ्या हातात होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लेखी सूचना किती आल्या?"

"लेखी नाही साहेब, पण—"

"नाही ना? मग तसं लिहा." आणि सहज म्हणाले, "तुमचं कायम करण्याचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे. या महिन्यात पाठवतो."

धमकी म्हणावी असं त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मी गुंडाळी उघडली असती तर कदाचित त्यांनी पाहिलीही असती. मी ती उघडली नाही. बाहेर येऊन माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'विहित मुदतीत नागरिकांकडून एकही सूचना प्राप्त झाली नाही.' गुंडाळी खणात तळाशी घातली. त्या महिन्याअखेर मी कायम झालो. आईनं पेढे वाटले.

पावसाळ्यानंतर भिंत आली. पूर्वेचं खिंडार दगडांनी बंद झालं, तसा इरप्पा कचेरीत आला. त्यापूर्वी तो कधी कचेरीची पायरी चढला नव्हता. माझ्या टेबलापाशी उभा राहून त्यानं हळूच विचारलं, "दावला व्हता का कागद?"

मी म्हणालो, "नाही."

तो चालू लागला. सवयीनं मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. तो वळला आणि म्हणाला, "आज नगा येऊ."

दुसऱ्या दिवशी कारंज्याची आखणी करायला मला बागेत जावंच लागलं. बायका पश्चिमेच्या फाटकातून, सगळा वळसा घालून, घामाघूम होऊन आल्या होत्या. उशीर झाला म्हणून कारखान्यात त्यांचा माल नाकारणार होते. नरसम्मा इरप्पासमोर टोपली आदळून उभी राहिली.

"खुंट्या रोवायला लावल्यास. बारा वाजता उन्हात बोलावलंस. कुटं गेलं आमचं दार?"

मी दहा पावलांवर होतो. इरप्पानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माज्याकडनं ऱ्हायलं," तो म्हणाला. "कागद द्यायची मुदत व्हती. मी इसरलो."

"इसरलास?"

"म्हातारा झालो की."

तिनं त्याला तेलुगूत जे ऐकवलं ते मला सगळं कळलं नाही. पण हात जोडून तो ऐकत होता. मी टेप गुंडाळत राहिलो. त्या गेल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "असं का सांगितलंत?"

"मला दोन वर्सं ऱ्हायल्यात नोकरीची. तुमाला तीस." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पर ह्ये पुन्यांदा नगा करू. कुनासंगं बी."

पुढची दोन वर्षं तो त्या बागेत होता. बायका भिंतीच्या कडेनं वळसा घालून जात, कडुलिंबाखाली बसायला फारशा येईनाशा झाल्या. ज्या येत, त्या त्याच्याशी बोलत नसत. तो त्यांच्यासाठी तिथं माठ भरून ठेवायचा. संध्याकाळी तो बहुतेक भरलेलाच असे. इरप्पा पाणी झाडांना ओतून टाकायचा. हे सगळं मी पाहत होतो. सांगून टाकावं असं रोज मनात येई, आणि रोज वाटे की आता फार दिवस झाले, आता सांगून काय होणार.

निवृत्त होऊन वर्ष झालं नसेल, तो गेला. त्याच्या मातीला जाऊन परतताना बागेच्या भिंतीशी नरसम्मा भेटली. टोपली खाली ठेवून दम घेत होती. मी सांगितलं, इरप्पा गेला. तिनं भिंतीच्या दगडांकडे पाहिलं.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "पण आमचं दार त्यानंच घालवलं. न्हाय का, सायेब?"

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. माझी नोकरी पक्की होती. साहेब केव्हाच बदलून गेले होते. घाबरण्यासारखं आता काहीही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि भिंतीच्या कडेनं चालू लागली.