मामीच्या गालावरचा ब्रश

आमची मामी दाढीचा ब्रश घ्यायला गेली की आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. भर दुकानात, पदर सावरून, डोळे मिटून. बरोबर मी असायचे, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला व्हायचं. देवळाली कॅम्पातला एक सिंधी दुकानदार तिला म्हणाला होता, "माई, ये जेंट्स आयटम है." मामी म्हणाली, "गालात कसलं आलंय जेंट्स-लेडीज? बोचतं ते सगळ्यांना सारखंच बोचतं."

मला टायपिस्टची नोकरी लागली आणि मी नाशिकरोडला मामा-मामींकडे राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड भरपूर झाले. मामांचा उजवा गाल तेव्हा भाजून आक्रसलेला होता. त्याची हकिकत मला पहिल्याच आठवड्यात मामीनंच सांगितली. स्टोव्हचा वॉशर गळत होता. "दुरुस्तीला टाक," असं मामा रोज सांगायचे आणि "आज नेते, उद्या नेते" असं मामीचं चाललेलं. एका सकाळी ती शेजारणीची नवी साडी बघायला गेली. मामांनी दाढीचं पाणी तापवायला स्टोव्ह पेटवला आणि भडका उडाला.

"अगं, अपघात होता तो," मी म्हटलं.

"वॉशर चार आण्याचा होता, बेबी," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

त्या गालावर दाढी एकसारखी उगवायची नाही, इथे चार केस, तिथे आठ. लोक बघतात म्हणून मामा सलूनमध्ये जायचे नाहीत. मामीच रोज सकाळी मागच्या दारात त्यांना पाटावर बसवून दाढी करून द्यायची. वस्तऱ्याचं त्यांना काही वाटत नसे. पण ब्रश उजव्या गालाला लागला की मामा "स्स" करायचे आणि मामीचा हात जागच्या जागी थांबायचा. पुढे दिवसभर घरात तो "स्स" असायचा. आमटीला फोडणी देतानासुद्धा ती मध्येच विचारायची, "आज फारच लागला का हो?"

तेव्हापासून तिनं ब्रशांचा पिच्छाच पुरवला. मेन रोडवर मिळायचे ते डुकराच्या केसांचे, पाच-सहा रुपयांत. नायलॉनचा त्याहून स्वस्त, पण "तो भांडी घासायला घ्यावा," असं तिचं मत. घोड्याच्या केसांचा बरा, पण फेस धरत नाही, गाळतो. सगळ्यांत वरचा बॅजरचा. बॅजर म्हणजे काय, हे तिनं मला तीनदा विचारलं आणि विलायतेतलं बिळात राहणारं जनावर आहे, असं मी तीनदा सांगितलं. त्यातही प्रती होत्या. काळपट केसांचा स्वस्त, तरी पन्नासच्या घरात. करड्या केसांचा त्याच्या दुप्पट. आणि पांढऱ्या टोकांचा, लोण्यासारखा, त्याची किंमत दुकानदार आधी सांगायचाच नाही, नुसता हातात द्यायचा. "भिजल्यावर सगळेच गरीब होतात," मामी म्हणायची, "कोरडा असताना बोचतो का ते बघावं." सोवळ्याओवळ्यात, अगदी एकादशीच्या साबुदाण्यातसुद्धा, दोष शोधणारी ही बाई डुकराचे केस गालाला लावायची, आणि घरी आल्यावर आधी तोंड धुऊन मग देवापाशी जायची.

देवळाली कॅम्पात लष्करातल्या साहेबांसाठी असला माल यायचा, म्हणून आमच्या तिकडे फेऱ्या. काळपट आणला, मामांनी "स्स" केलं. वर्षभरानं करडा आणला, त्या दिवाळीला मामीनं साडी घेतली नाही. पुन्हा "स्स". शेवटी दोन दिवाळ्या साडीवाचून काढून पांढऱ्या टोकांचा आणला. पहिल्या दिवशी तिनं तो इतका हळू फिरवला की फेस धरायलाच पाच मिनिटं लागली. "आता?" तिनं विचारलं. मामा तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "थोडं कमी आहे." त्या थोड्यावर ती आठवडाभर गाणी गुणगुणत होती.

पुढे माझं लग्न झालं, मी गंगापूर रोडला गेले. मामी कावीळ होऊन अचानक गेली.

दहाव्याला रामकुंडावर मामांची दाढी करायला न्हावी बसला. त्यानं आपला राठ, झिजका ब्रश साबणात घोळवला आणि उजव्या गालावर खसाखसा चालवला. मामीचा ब्रश मी पर्समधून आणला होता. बायकांनी लांब थांबायचं असतं, तरी मी पुढे धावले. "अहो, तो नको, हा घ्या. त्यांना दुखतं."

"राहू दे, बेबी," मामा म्हणाले. "काही दुखत नाही."

त्यांनी पापणीसुद्धा हलवली नव्हती. न्हावी पाणी बदलायला गेला तेव्हा ते खालच्या आवाजात बोलले. "पहिलं वर्षभर दुखायचं. मग त्या गालाला कळायचंच बंद झालं. टाचणी टोचली तरी कळत नाही."

"मग रोज ते स्स?"

"दुखत नाही म्हटलं असतं तर ती मोकळी झाली असती. तेव्हा मला तिला मोकळं करायचं नव्हतं. राग होता गं. पुढे राग गेला, पण तोवर ती देवळालीच्या फेऱ्या मारायला लागली होती. इतके दिवस खोटं कण्हलो, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

मला मामांचा असा संताप आला की ब्रश मी पुन्हा पर्समध्ये कोंबला. ते म्हणाले, "तिचा जीव यातच अडकला असणार. कावळा शिवायचा नाही बघ. मग मी सगळ्यांदेखत सांगणार आहे तिला."

पिंड ठेवला. कावळा आला नाही तर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत मामा हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभे राहिले, ओठ हलत होते. गुरुजी मागे सरकतात न सरकतात तोच कावळा उतरला आणि शितं उचलून गेला. "सुटली हो. काही मागे राहिलं नाही बाईचं," असं म्हणत लोक आवराआवरीला लागले.

मामा तसेच उभे होते. मी जाऊन त्यांचा हात धरला, राग होताच तरी धरला.

"जरा थांबायला हवं होतं गं तिनं," मामा म्हणाले. "मी सांगणारच होतो."