आत्याबाईंच्या सात सुया

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर धसईजवळ. लावणी संपत आली आणि सासूबाईंना आव लागली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आधी त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कुड्याची साल उगाळून प्यायच्या आणि पुन्हा चिखलात उभ्या राहायच्या. आठव्या दिवशी त्यांचं लुगडं धुताना मला रक्त दिसलं.

बैलगाडीनं मुरबाडला नेलं तेव्हा त्यांना धड बसवतही नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, शौच काचेखाली तपासलं.

"पाण्यातून जंतू गेलेत. आतडं कुरतडतायत. रोज एक, अशा सात सुया घ्याव्या लागतील." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध जालीम आहे, हृदयावर ताण येतो. त्यांनी अंथरुणावरून उठायचं नाही. शौचालासुद्धा नाही."

दवाखान्यामागे मामेसासरे आणि मामींचं घर होतं. त्यांच्या पडवीत आम्ही दोघी राहिलो. घमेल्यात राख घालून मी त्यांच्याखाली सरकवायची. त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

"सुनेनं माजी घाण उचलायची? त्यापरीस मेलेली बरी."

चौथ्या सुईनंतर मी घमेलं धुवायला गेले. परतले तर अंथरूण रिकामं. परसदाराच्या पायरीवर त्या पडल्या होत्या. ओठ निळसर, कपाळ घामानं भिजलेलं. नाडी हाताला लागेना. मी किंचाळले तशी मामी दवाखान्याकडे धावल्या.

डॉक्टर येऊन मनगट धरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"चालू आहे," अखेर ते म्हणाले. "पण ठोके चुकतायत. दोन दिवस सुई नाही."

आत्याबाईंनी डोळे उघडले आणि माझा बांध फुटला. "उठलात कशाला? तुमी गेलात तर मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ? लाज वाटते तर डोळे मिटा. पण पुन्हा उठलात तर पाय बांधून ठेवीन!"

मामी दारातच थबकल्या. सासूला कुणी असं बोललेलं मी स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

"रडू नको गो," आत्याबाई पुटपुटल्या. "नाय उठत."

उरलेल्या तीन सुया त्यांनी निमूट घेतल्या. रक्त थांबलं. निघताना डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? शेताकडच्या उघड्या झऱ्याचं. पावसात वरच्या माळाचं सगळं पाणी त्यात उतरायचं, आणि माळावर अख्खा गाव परसाकडे जायचा. हे सांगता सांगताच मला उमगलं, जंतू तिथूनच आले.

"उकळून प्या," ते म्हणाले.

घरी ओल्या जळणावर मी पाणी उकळू लागले. त्याला धुराचा वास यायचा. आत्याबाई नाक मुरडून प्यायच्या. शेजारीण हसली तेव्हा मात्र म्हणाल्या, "हस बाय. मरण मी बघून आलीय, तू नाय."

शेतावर जाणाऱ्या पुरुषांनी मात्र काही ऐकलं नाही. ते झऱ्यावरच ओंजळ लावत राहिले.